नात आबाजींकडे जात नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते.

घरची कापूस-तुरीची शेती. नवरा वावरात असतो, त्या घरीच शिलाईकाम करतात. मुलगी सव्वादोन वर्षांची. सासरे एसटीतून निवृत्त झाल्यापासून सासू-सासरे पुण्याला मोठ्या मुलाकडे राहतात. मुलगी पाच महिन्यांची असताना ते दिवाळीला गावी आले होते, तेव्हा ती कोणीही घेतलं तरी जायची. नंतर मोठ्या जावेचं बाळंतपण आलं, त्यांचं येणं राहून गेलं आणि भेट राहिली ती फक्त व्हिडिओ कॉलवर. आता दोघंही आले आहेत, दसऱ्यापर्यंत राहतील. आल्या आल्या सासऱ्यांनी हौसेनं नातीला उचललं. ती किंचाळली, हातपाय झाडले, त्यांच्या तोंडावर हात मारला. चष्मा खाली पडून दांडी मोडली. सगळ्यांसमोर ओशाळून आईनं तिला एक चापट मारली. या गोष्टीला आठ दिवस झाले. आबाजी, म्हणजे हे आजोबा, सपरीत (ओसरीत) दिसले की मुलगी शिलाई मशीनच्या मागं जाऊन लपते. सासूबाई म्हणतात, "पुण्याची पोट्टी तं लगेच येते, हिलेच काय झालं?" त्या गुळाचा खडा आणि मोबाइल दाखवून तिला बोलावतात. सासरे बशीतला चहा पुढे करतात. आई विचारते, "हल्ली तिचं सगळ्यातच 'नाही' आणि 'मीच' चालतं. हा हट्टी स्वभाव आत्ताच मोडला नाही तर पुढं काय होईल? आणि सासू-सासऱ्यांना वाईट न वाटू देता काय सांगू?"

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "त्या चापटीनंतर मामाजी (सासरे) काहीच बोलले नाहीत, चष्म्याला दोरा बांधून पेपर वाचत बसले." तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण घरातला सगळा ताण मला त्या एका ओळीत दिसला. त्यामुळे हट्टीपणाचं थोडं नंतर बोलू. आधी त्या संध्याकाळचं.

ती संध्याकाळ तुमच्या मुलीच्या उंचीवरून बघा. आबाजींचा चेहरा तिनं रोज पाहिला आहे, पण तळहाताएवढ्या पडद्यावर. त्या चेहऱ्याला उंची नव्हती, मिशी टोचत नव्हती, प्रवासाच्या घामाचा वास नव्हता. आणि अचानक तोच चेहरा दारातून आत आला, मोठ्या आवाजात हाक मारली आणि तिला जमिनीवरून वर उचललं. ती घाबरली. घाबरलेलं लेकरू हातपायच झाडणार, त्याच्याजवळ दुसरं काय असतं? तिनं आबाजींना मारलं असं तुम्ही लिहिता. माझ्या मते ती सुटायला धडपडत होती आणि मध्ये चष्मा आला.

पुढं जे झालं ते तिच्या दृष्टीनं जास्त मोठं आहे. ज्या आईकडे धावायचं, त्या आईनंच मारलं. म्हणून मला शंका आहे की ती आज लपते ती आबाजींना भिऊनच असं नाही. आबाजी जवळ आले की आई रागावते, अशी गाठ तिच्या मनात बसली असावी. लपते कुठं, तर मशीनच्या मागं, म्हणजे तुमच्या पायाशीच. तुमच्यापासून दूर पळत नाही ती. ही चांगली खूण आहे.

तेव्हा पहिलं काम तुमचं. आज रात्री झोपवताना तिला सांगा, "त्या दिवशी आईनं तुला मारलं. आई चुकली. तू घाबरली होतीस नं?" सव्वादोन वर्षांच्या लेकराला यातले शब्द सगळे कळणार नाहीत, पण सूर कळतो. मारणं वाईट, हे आपण तिला मारून शिकवू शकत नाही. आणि ही गोष्ट सासू-सासऱ्यांच्या कानावर पडली तर पडू द्या. सून माफी मागते म्हणून त्यांच्या नजरेत ती लहान होईल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नात जे गृहीत धरलं आहे त्याकडे येते. तुम्ही लिहिता, आधी ती कोणाकडेही जायची, आता बिघडली. ताई, पाच महिन्यांचं बाळ कोणाकडेही जातं, कारण आपलं कोण आणि परकं कोण हा फरक त्याला अजून नीट करता येत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास तो करता यायला लागतो आणि लेकरू अनोळखी माणसाला बुजायला लागतं. आई नजरेआड झाली की रडतं. हे दीड वर्षापर्यंत जोरात असतं, मग हळूहळू ओसरतं, काहींचं तीन वर्षांपर्यंत रेंगाळतं. म्हणजे तेव्हा तिला जे कळत नव्हतं ते आता कळतं आहे. तिची समज वाढली आणि आपण तिला बिघडली म्हणतो आहोत.

'नाही' आणि 'मीच' यांचंही तसंच. दोन वर्षांच्या आसपास लेकराला पहिल्यांदा उमगतं की आपण आईपासून वेगळे आहोत आणि आपल्याला आपलं काही ठरवता येतं. ते ठरवून बघायला त्याच्याकडे पहिला शब्द असतो तो 'नाही'. जेवू का? नाही. आंघोळ? नाही. मग तीच आंघोळ झाली की न्हाणीतून बाहेर यायला नाही. बोलता येतं तेवढ्यात मनातलं सगळं मावत नाही आणि राग आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग तर अजून कित्येक वर्षं घडत राहणार असतो. म्हणून लोळण घेणं, किंचाळणं, फेकाफेक हे या वयात घरोघरी असतं. तुम्ही हा स्वभाव मोडायचा म्हणता. मी बावीस वर्षं बालवाडीत काढली. मोडलेली लेकरंही पाहिली आहेत. ती शहाणी दिसतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत, पाणी हवं असलं तरी मागत नाहीत. तुमच्या मुलीचा 'नाही' शाबूत आहे याचा मला आनंद आहे. उद्या वयात आल्यावर हाच शब्द तिच्या उपयोगी पडायचा आहे. नको त्या माणसानं हात लावला तर मोठ्यानं नाही म्हण, असं आपण तेव्हा तिला सांगणार. मग आज घरातल्या माणसाला म्हटलेल्या 'नाही'ला चापट कशी मारायची?

याचा अर्थ तिला हवं ते सगळं करू द्यायचं असा नाही. मारायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही, या गोष्टी पक्क्या ठेवा. बाकी ठिकाणी तिला निवड द्या. लाल झबलं की पिवळं? भाकर दुधात की वरणात? दिवसाकाठी अशा पाच-सहा गोष्टी तिच्या मनानं झाल्या की बाकीच्या तुमच्या मनानं करायला ती कमी भांडते.

पुण्याच्या नातीशी होणाऱ्या तुलनेचंही सांगते. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोनं १९५६ पासून शंभराहून जास्त मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की मुलं उपजतच वेगवेगळ्या प्रकृतीची असतात. साधारण ४० टक्के सहज रुळणारी, १० टक्के कशालाच लवकर न बधणारी आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी, बाकीची सरमिसळ. ही हळू रुळणारी लेकरं नव्या माणसाला आधी लांबून बघतात. त्यांना वेळ दिला तर ती येतात आणि ओढलं तर आणखी मागं सरतात. त्या दोघांचा भर यावर होता की प्रकृती कोणतीही असली तरी घराचा आणि लेकराचा मेळ बसतो की नाही, ते महत्त्वाचं. शिवाय पुण्याची नात आजी-आजोबांच्या सोबतच राहते. ती पटकन येणारच. तुमच्या मुलीला ते दोघं मिळून आठ दिवस झालेत, त्यातला पहिला दिवस तसा गेलेला.

आता थोडं सासू-सासऱ्यांकडून बघू या, कारण तुमचं पत्र वाचताना मला त्यांचीही कणव आली. ते पाहुणे म्हणून आले आहेत, पण कुणाच्या घरी? त्यांच्या स्वतःच्या. ज्या घराच्या भिंती त्यांनी सारवल्या, तिथं आज त्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवलेली आहे. डबे कुठं आहेत ते सासूबाईंना विचारावं लागतं. सासऱ्यांना वावरात कोणतं बियाणं पेरलं ते आल्यावर कळतं. घरात आपली जागा कुठं, हा प्रश्न त्यांच्या मनात आधीच असणार. अशात नात 'नको' म्हणाली की त्यांना वाटतं, हिलाही आपण परके झालो. गूळ, मोबाइल आणि बशीतला चहा हे त्या दुखण्यावरचे त्यांना सुचलेले उपाय आहेत. तुम्ही ते अडवले आणि बदल्यात काही दिलं नाही, तर त्यांचे हात रिकामे राहतील.

म्हणून माझा सल्ला असा, की त्यांना जवळीक मागायला सांगू नका, काम द्या. रोजचं, ठरलेलं, आबाजी आणि नात दोघांचंच. सगळ्यात आधी तो चष्मा. दांडी दुरुस्त करून आणा. त्याला एक डबी आणा आणि डबी ठेवायची जागा मुलीच्या हाताला येईल अशी ठरवा. सकाळी पेपर आला की "आबाजीची डबी कुठं गेली बाप्पा?" एवढंच म्हणायचं. पहिल्या दिवशी ती हलणार नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं बोट धरून येईल. एखाद्या दिवशी लांबूनच डबी जमिनीवर ठेवेल आणि पळेल. पळू द्या. आबाजींनी तेव्हा तिला पकडायचं नाही, मुका मागायचा नाही, फक्त चष्मा लावून म्हणायचं, "हां, आता दिसलं." ज्या वस्तूवरून बिनसलं, तीच वस्तू देण्याघेण्याची होऊ द्या.

मी हे सांगते कारण माझ्या हातून उलटं झालेलं आहे. माझा नातू दोन वर्षांचा असताना आला, तेव्हा मी त्याला ओढून मांडीवर घेतलं होतं. बालवाडीतली बाई असूनही. दोन दिवस तो मी बसलेल्या खोलीत येईना. तिसऱ्या दिवशी मी हिरव्या तुरीचे सोले काढत जमिनीवर बसले होते, त्याच्याकडे पाठ करून. तो आला, परातीच्या पलीकडे उकिडवा बसला. एक शेंग उचलली, दातांनी चावली, उघडेना. मग माझ्याकडे न बघताच ती ओली शेंग माझ्या हातात दिली. मी फोडून त्याच्या तळहातावर दाणे ठेवले, तीन होते. त्यानं ते परातीत टाकले आणि दुसरी शेंग घेतली. त्या दुपारी आम्ही एक शब्द बोललो नाही आणि भाजीला सोले कमीच पडले, पण रात्री तो माझ्या गोधडीत आला.

सासूबाईंकडे असं काम ढिगानं असेल. लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, कणकेचा गोळा देऊन शेजारी बसवणं. खाली बसायचं, लेकराच्या उंचीवर. समोरासमोर बसण्यापेक्षा बाजूला बसलेलं बरं. आणि बोलायचं आपल्या बोलीत. पुण्याची मुलं कविता म्हणतात म्हणून हिला कोणी 'नीट' बोलायला लावू नये. वऱ्हाडी ऐकून लेकराची भाषा बिघडत नाही. ते ज्याच्याशी बोलतं त्याच्याकडून शिकतं, आणि आजीइतकं फुरसतीनं कोण बोलतं?

पोळा पंधरा दिवसांवर आहे, याचा उपयोग करून घ्या. खांदेमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, आबाजी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावतील, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतील, तेव्हा मुलीला तुमच्या किंवा तिच्या बाबांच्या कडेवर घेऊन जवळ उभं राहा. एवढ्या मोठ्या जनावराला हळुवार हात लावणारा माणूस तिला बघू दे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर आपल्या भागात लेकरांचाच सण. लाकडी नंदी आबाजींनाच आणायला सांगा. चाकं बसवणं, दोरी बांधणं, रंग देणं हे सगळं त्यांनी सपरीत बसून तिच्या देखत करायचं. चाकाला तेल घालायची वाटी तिनं धरायची. मग घरोघरी बोजारा, म्हणजे नंदी घेऊन येणाऱ्या लेकरांना मिळणारी भेट, मागायला जाताना दोरी तिच्या हातात, आबाजी दोन पावलं मागं. तिनं मध्येच दोरी टाकून तुमच्याकडे धाव घेतली तरी कोणी हसायचं नाही.

आता तुमचं स्वतःचं. नवा माणूस समोर आला की लेकरू त्या माणसाकडे बघतं आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आई सैल असेल तर तेही सैल होतं. तुमच्या पत्रात तुमची भीती मला स्पष्ट दिसली. मुलगी रडली तर सून नापास, असं तुम्हाला वाटतं. मग ते आत आले की तुमचे खांदे आखडतात, मशीन थांबतं, आणि ती ते बघते. तुमच्या सासूबाईंनी "वळण" हा शब्द वापरला नाही, तो तुम्हीच पत्रात दोनदा वापरला आहे. त्या सपरीत बसल्या की तुम्ही चहाचे कप घेऊन त्यांच्या शेजारी बसा, नवऱ्याच्या लहानपणाचं विचारा. हा कोणाकडे जात नव्हता का? मला पैजेवर सांगता येईल की एखादी गोष्ट निघेलच. आपल्या आईला आजीसोबत हसताना बघणं, यापेक्षा मोठी ओळख लेकराला लागत नाही.

सांगायचं कोणी? शक्य तिथं तुमच्या यजमानांनी. आई-बाप त्यांचे आहेत, त्यांच्या तोंडून ऐकताना ते सुनेनं शिकवल्यासारखं होत नाही. "बाबा, तिले उचलू नका, तिच्यापाशी बसा. ते येते आपोआप," एवढं बस. रात्री जेवताना, साधेपणानं.

खाण्यापिण्याबद्दल फार ताणू नका. थोडा गूळ चालतो, पण 'माझ्याकडे आलीस तर गूळ' ही अट नको. ताटात इतरांसारखाच तिलाही. चहा मात्र खरंच बंद करा. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांमध्ये ६७ जणांना रक्ताची कमी आढळली होती. पण बशी बंद करू नका. आबाजींनी आपल्या बशीत चहा ओतायचा, तिच्या बशीत कोमट दूध, आणि दोघांनी फुंकर मारत प्यायचं. त्यांना हवी ती गंमत फुंकर मारण्यातच आहे. मोबाइलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा. सासूबाईंना एकदा प्रेमानं दाखवा की ती मांडीवर बसते खरी, पण बघते मोबाइलकडे. त्यांनाच ते खटकेल.

एका बाबतीत मात्र भीड धरू नका. सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशाशी पिशवीत असतात. शुगरची एखादी गोळीही इतक्या लहान लेकराच्या जिवावर बेतू शकते. उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. हे दिवस फवारणीचे आहेत. औषध कधीही थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू देऊ नका, घरात तर नाहीच. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि पोळ्याला येणारं-जाणारं कोणी मुठीनं फुटाणे, शेंगदाणे देईल. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते, तिला कूट करून द्या.

तुमची मुलगी 'मीच', 'नको', 'आबाजी गेला' असं बोलते, बोटानं दाखवते, तुमच्या नजरेला नजर देते, हे तुम्हीच लिहिलं आहे, म्हणून मी निश्चिंत आहे. हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरी दोन वर्षं होऊनही लेकरू दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, बोटानं दाखवत नसेल, आईबापांच्याही जवळ येत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर 'लाजाळू आहे' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला सांगा, त्या पुढची वाट दाखवतील.

राहता राहिला दसऱ्यानंतरचा निरोप. तोवर ती आबाजींच्या मागं मागं हिंडत असेल, हे मी जवळजवळ धरूनच चालते. तेव्हा ती झोपलेली असताना हळूच निघून जायचा सल्ला चार जण देतील. तसं करू नका. उठून बघावं तर माणूसच नाही, मग ती पुढचे कितीतरी दिवस झोपायलाच घाबरेल. दोन दिवस आधीपासून सांगा, त्यांची पिशवी भरायला तिला बसवा, एसटीपर्यंत न्या, रडली तर रडू द्या. जुनी चष्म्याची डबी तिच्याजवळ ठेवा. आणि पुण्याहून रोज ठरल्या वेळी फोन आला की आबाजींनी विचारायचं, "माही डबी कुठं हाय?"

तान्हा पोळा झाला की मला नक्की लिहा. नंदीला कोणता रंग दिला, आणि बोजारा पहिल्यांदा कोणाच्या दारी मिळाला, तेही.